आत्मप्रौढी आणि लाइकला हपापणे

प्रश्न असा आहे: समाजमाध्यमांवरची स्वतःची जाहिरातबाजी आणि लाइकचा हव्यास यांची खिल्ली उडवणाऱ्या इंटरॅक्टिव्ह कलाकृतींवर लिहिताना दोन्हींसाठी ‘आत्मप्रौढी’ हा एकच शब्द चालेल का?

माझ्या मते नाही. प्रौढी मिरवणारा स्वतःचा निवाडा स्वतःच करून मोकळा झालेला असतो. ऐकणाऱ्याने मान डोलावली नाही तरी त्याचे अडत नाही. टिमकी वाजवणे, टेंभा मिरवणे, बोलीतले ‘स्वतःची लाल करणे’ ही सगळी याच घरातली. लाइकची वाट पाहणारा मात्र निवाडा इतरांच्या हाती सोपवतो. त्याच्यासाठी ‘हपापणे’ हे क्रियापद चपखल आहे: पैशाला हपापलेला, तसा कौतुकाला हपापलेला.

अमेरिकी कलाकार बेन ग्रोसर यांच्या ‘फेसबुक डीमेट्रिकेटर’मध्ये (२०१२) हा फरक लख्ख दिसतो. हे ब्राउझरचे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, आहे. ते बसवले की ‘१६ जणांना हे आवडले’मधला १६ गळून पडतो आणि ‘लोकांना हे आवडले’ एवढेच उरते. पोस्ट तशीच राहते, म्हणजे बढाईला धक्का लागत नाही. थांबते ती मोजदाद. आकडे फक्त बसवणाऱ्याच्या पडद्यावरून जातात, इतरांना ते दिसतच राहतात. फेसबुकने पानाची रचना बदलली की लपलेला आकडा पुन्हा डोकावतो आणि एक्स्टेन्शन दुरुस्त करावे लागते. या कलाकृतीला ‘आत्मप्रौढीवरचे भाष्य’ म्हटले तर तिचा रोखच चुकतो.

ग्रोसर यांच्याच ‘मायनस’ या समाजमाध्यमावर (२०२१) प्रत्येकाला आयुष्यभरासाठी १०० पोस्ट मिळतात. लाइकचे बटण नाही. आकडा दिसतो तो उरलेल्या पोस्टचा, आणि तो घटतच जातो.

बेल्जियमच्या द्रीस देपोर्तर यांचे ‘क्विक फिक्स’ (२०१९) हे भिंतीवरचे यंत्र आहे. नाणे टाका, लाइक की फॉलोअर ते निवडा, आपले युजरनेम टाइप करा. काही क्षणांत माल पोचतो, तोही बनावट खात्यांकडून. इथे ‘पसंती’ हा शब्दही खोटा ठरतो, कारण पसंत करणारे कुणी नाहीच. ‘आकड्याची हाव’ म्हणावे.

‘इंटरॅक्टिव्ह’साठी ‘संवादी’ टाळा. संगीतात तो रागाच्या मुख्य, म्हणजे वादी, स्वराच्या जोडीचा स्वर आहे, आणि या यंत्राशी कुणी संवाद करत नाही. ‘प्रेक्षकाच्या कृतीवर चालणारी कलाकृती’ हे लांब आहे, पण बरोबर आहे.