मायलेकींना एकाच वृद्धाश्रमात?

मेलबर्नहून एका भावाचं पत्र आहे. "खानापूरला आई एकाहत्तरची, बहीण एकोणतीसची. बहिणीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूमुळे हालचालींवर ताबा कमी. आईला आता तिला उचलणं होत नाही. बेळगावात एक चांगला वृद्धाश्रम दोघींना एका खोलीत ठेवायला तयार आहे. काकांनाही पटलंय." शिवाय जमिनीची वाटणी, आईचा व्हिसा आणि लोक काय म्हणतील, हेही आहेच.

भाऊराया, अवेळी खानापूरहून फोन आला की काळजात काय होतं, ते आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. पण पत्रात आईचं मत आहे, काकांचं आहे, बहिणीचं नाही. आणि तुम्हीच लिहिता, "तिला सगळं कळतं, बोलणं तेवढं अडखळतं." मग विचारलं का नाही हो?

वृद्धाश्रम वाईट नसतो, पण तिथला दिवस सत्तरीच्या माणसांसाठी बेतलेला. लवकर जेवण, भजन, दिवे बंद. आई आज ना उद्या जाणार, मग तुमची बहीण पुढची तीस-चाळीस वर्षं त्याच खोलीत? तुमच्या ऑस्ट्रेलियातच २०२१ मध्ये रॉयल कमिशननं, म्हणजे सरकारी चौकशी आयोगानं, सांगितलं की १ जानेवारी २०२५ पासून पासष्टीच्या आतलं कुणी वृद्धांच्या निवासात असू नये. तिकडे जे नको, ते खानापूरच्या पोरीला कसं चालतं?

माझ्या निपाणीच्या मावसभावाचंही असंच ठरत होतं. मावशी अडून बसली, "आधी त्याला इचारा." तो म्हणाला, दुकानात बसायचंय. उंबरा काढून उतार केला, उचलायला सकाळ-संध्याकाळ एक पोरगा ठेवला. आज उधारीची वही त्याच्याकडे आहे आणि गिऱ्हाइकं मावशीपेक्षा त्याला जास्त टरकतात.

आश्रमाला दोघींचे जे पैसे देणार, त्यात घरी मदतीला बाई मिळते का, ते आधी बघा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर ग्रामपंचायतीच्या व्हीआरडब्ल्यूला, म्हणजे अपंगांचं काम बघणाऱ्या कार्यकर्त्याला, गाठा. काका म्हणतील, डीसींच्या (जिल्हाधिकाऱ्यांच्या) समितीकडून तिचं पालकत्व घेऊन टाकू. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ती सोय आहे खरी, पण तिला कळतं ना? मग सही तिची. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचंही म्हणणं तेच: कुठे राहायचं याची सक्ती नको.

वाटणीत बहिणीचा हिस्सा तिच्याच नावावर, २००५ पासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. व्हिसाचं एजंटाला विचारा. लोकांचं सोडा, ते उचलायला येणार नाहीत.

या रविवारी व्हिडिओ कॉल लावा, फोन बहिणीच्या हातात. काकांना म्हणावं, तेवढा वेळ पारावर बसून या. तिला वाक्य पुरं करायला वेळ लागेल, मध्ये बोलू नका.