बॅटरी टाकीखाली, गाडी बेसमेंटमध्ये

प्रश्न : माझी बाईक ३०० सीसीच्या वरची आहे, चार वर्षं झाली घेऊन. आम्ही घोडबंदर रोडला राहतो आणि सोसायटीत पार्किंग मिळालंय दुसऱ्या बेसमेंटला. पावसामुळे तीन आठवडे गाडी काढलीच नाही, आता सेल्फ मारला की नुसतं कट-कट-कट वाजतं आणि मीटरचे लाइट मंद होतात. किक नाहीये. बॅटरी टाकीखाली आहे, सीट काढली तरी तिचा फक्त एक कोपरा दिसतो. मेकॅनिक म्हणतो टाकी उतरवावी लागेल, गाडी घेऊन या, पण चालूच होत नाही तर नेऊ कशी? शेजारच्या काकांकडे कार आहे, जंपर केबल पण आहे, पण चिमटा लावायला जागाच नाही. आणि कारची एवढी मोठी बॅटरी लावली तर बाईकचं काही जळणार तर नाही ना? गाडीला जीपीएस ट्रॅकर लावलेला आहे, त्याचा काही संबंध असेल का?
— एक वाचक, कासारवडवली

उत्तर : सगळ्यात आधी एक चांगली गोष्ट, तो कट-कट आवाज येतोय म्हणजे तुमचा स्टार्टर रिले, म्हणजे सेल्फच्या मोटरला करंट जोडणारा स्विच, काम करतोय, बॅटरीत थोडाफार जीव आहे, फक्त स्टार्टर मोटर फिरवण्याएवढा दम नाहीये. आणि दुसरं म्हणजे जंप द्यायला, म्हणजे कारच्या बॅटरीवरून केबलने गाडी चालू करायला, बॅटरीपर्यंत पोचायची गरजच नाही. हे मी अगदी कळकळीने सांगतोय कारण फक्त एक चिमटा लावायचा म्हणून लोक बेसमेंटमध्ये मोबाईलच्या टॉर्चवर टाकी उतरवायला बसतात, पेट्रोलचा पाइप ओढतात, पंपाचं कनेक्टर तोडतात, आणि शंभर रुपयांचं काम काही हजारांवर जातं.

बॅटरीच्या प्लसवरून एक जाड लाल वायर निघते आणि ती थेट स्टार्टर रिलेवर येते. हा रिले बहुतेक गाड्यांत सीटखाली किंवा साइड पॅनलच्या आत असतो, मेन फ्यूज पण तिथेच किंवा त्याच्या शेजारी असतो. सापडत नसेल तर गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल उघडा आणि मेन फ्यूज कुठे आहे ते पान काढा, नव्वद टक्के काम झालं. काडेपेटीएवढा काळा डबा, त्यावर दोन नट, दोन्हीवर रबराच्या टोप्या, बऱ्याचदा एक लाल. टोपी मागे सरकवली की खाली पितळी रंगाचा बोल्ट दिसतो. आपल्याकडच्या दमट हवेत, त्यातून खाडीच्या बाजूला राहत असाल तर, त्या बोल्टवर हिरवट पांढरी पावडर धरलेली असते, ती जुन्या टूथब्रशने घासून काढा नाहीतर चिमटा लागूनही करंट जाणार नाही.

आता इथे नीट लक्ष द्या. दोन नटांपैकी एक बॅटरीकडून आलेला आहे आणि दुसरा खाली स्टार्टर मोटरकडे जातो. तुम्हाला लाल चिमटा लावायचाय तो बॅटरीकडच्या नटाला. चुकून मोटरकडच्या नटावर लाल चिमटा लावलात तर चावी बंद असली तरी मोटर तिथल्या तिथे फिरायला लागेल, आणि गाडी गिअरमध्ये असेल तर ती पुढे उडी मारेल, समोर भिंत असो की माणूस. म्हणून काहीही करायच्या आधी गाडी न्यूट्रलला आणि मेन स्टँडवर, मेन स्टँड नसेल तर साइड स्टँडवर. ओळखायचं कसं, तर साधा मल्टिमीटर घ्या, काळी पिन इंजिनच्या बोल्टला आणि लाल पिन एकेका नटाला, चावी बंद ठेवून. उतरलेली बॅटरी असली तरी तिच्या बाजूच्या नटावर ९, १०, ११ असं काहीतरी व्होल्ट दाखवेल, मोटरच्या बाजूला शून्य. मीटर नसेल तर वायर हाताने चाचपत जा, जी खाली इंजिनकडे उतरते ती मोटरची.

काळा चिमटा बॅटरीच्या मायनसला लावायचा हट्ट सोडा. तो इंजिनच्या एखाद्या उघड्या, रंग नसलेल्या बोल्टला लावा. स्टार्टर मोटरचा करंट परत इंजिनच्या बॉडीतूनच जातो, त्यामुळे हाच सगळ्यात जवळचा रस्ता. शिवाय ठिणगी उडालीच तर बॅटरीपासून लांब उडते, बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो आणि वर टाकीत पेट्रोल आहे, तेव्हा हे अंतर महत्त्वाचं. मागे नेरूळला भाच्याची गाडी अशीच बंद पडली तेव्हा आम्ही काळा चिमटा फूटरेस्टच्या ब्रॅकेटला लावला होता, दिसायला लोखंड पण वरून जाड काळा पेंट, पाच-सहा वेळा सेल्फ मारला, नुसतं कट-कट. चिमटा तिथून काढून इंजिनच्या खालच्या बोल्टला लावला आणि पहिल्या झटक्यात गाडी चालू.

कारचा चिमटा मोठा असतो आणि बाईकमध्ये जागा एवढीशी, त्यामुळे लाल चिमट्याचा जबडा शेजारच्या फ्रेमला टेकतो आणि शॉर्ट होतो. सायकलची जुनी ट्यूब वीतभर कापून फ्रेमच्या त्या भागावर गुंडाळा, मगच चिमटा धरा. बाईकसाठीच्या छोट्या चिमट्यांची केबल मिळते ती असली तर फारच छान.

आता तुमचा जळण्याचा प्रश्न. कारची बॅटरी मोठी आहे म्हणून ती बाईकमध्ये जबरदस्तीने करंट ढकलत नाही, दोन्ही १२ व्होल्टच्या आहेत आणि स्टार्टर मोटर तिला हवा तेवढाच करंट ओढते. फक्त कारचं इंजिन बंद ठेवायचं, चावी पण बंद. चालू इंजिनवर कारचा अल्टरनेटर, म्हणजे तिची बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, १४ व्होल्टच्या वर देतो आणि त्याची ताकद बाईकच्या छोट्या बॅटरीला नको तेवढी आहे, काकांनी प्रेमाने रेस द्यायला सुरुवात केली तर हात जोडून थांबवा. खरी नासधूस होते ती लाल-काळं उलटं लागलं तर, नशीब चांगलं असेल तर फक्त मेन फ्यूज जातो, नाहीतर चार्जिंगचा रेग्युलेटर आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. आणि घोडबंदरला रात्री गाडी बंद पडली आणि एखादा ट्रकवाला माणुसकीने थांबला तर त्याला धन्यवाद द्या पण त्याच्या बॅटरीवरून जंप घेऊ नका, मोठ्या ट्रक-बसची सिस्टीम साधारण २४ व्होल्टची असते.

क्रम असा ठेवा, पहिला लाल तुमच्या रिलेवर, मग लालचं दुसरं टोक कारच्या प्लसवर, मग काळा कारच्या मायनसवर, आणि शेवटचा काळा तुमच्या इंजिनच्या बोल्टवर. दोन-तीन मिनिटं तसंच राहू द्या. मग चावी फिरवा, फ्यूल पंपाचा तो बारीक झूंऽऽ आवाज येऊन थांबू द्या, आणि सेल्फ मारा, एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये थोडी विश्रांती. चालू झाली की उलट्या क्रमाने काढा, म्हणजे इंजिनवरचा काळा सगळ्यात आधी. आणि गाडी बेसमेंटमध्ये घरघरत ठेवू नका, तिथे हवा खेळत नाही आणि धूर साचतो, लगेच रॅम्पने वर आणा.

वर आणली म्हणजे बॅटरी भरली असं नाही हं. सिग्नलला उभ्या गाडीत आयडलवर चार्जिंग जेमतेम होतं आणि १ एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांना हेडलाइट बंद करायची सोयच नाही, त्यामुळे कासारवडवली ते माजिवडा ट्रॅफिकमध्ये रखडत गेलात तर फार काही जमा होणार नाही. सरळ गॅरेजला न्या, आणि गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढून बघतो असं कोणी म्हणालं तर करू देऊ नका, त्या झटक्याने इलेक्ट्रॉनिक्स जातं.

ट्रॅकरचा संबंध आहे, आणि बराच आहे. समजा तो आणि गाडीचं घड्याळ वगैरे मिळून २० मिलिअँपिअर खातायत, ऐकायला काहीच नाही. पण दिवसाला ०.४८ अँपिअर-अवर झाले, २१ दिवसांचे १० च्या वर, आणि तुमची बॅटरी ८-९ ची असणार. त्यातून बेसमेंटला रेंज नाही, मग काही ट्रॅकर सिग्नल शोधत राहतात आणि आणखी खातात. म्हणजे बॅटरी खराबच आहे असं मला वाटत नाही, उपाशी मेलीय. तरी चार वर्षांची आहे, पूर्ण चार्ज करून एक रात्र ठेवा आणि मोजा, १२.६ व्होल्टच्या आसपास राहिली तर ठीक, १२.२ वर घसरली तर बदला. गाडी चालू करून तीन-चार हजार आरपीएमला साधारण १४ दिसायला हवेत, नसतील तर दोष चार्जिंगचा, नवी बॅटरी पण उतरेल.

आणि टाकी एकदा उतरवतायतच तर त्याच मजुरीत बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवरून चार्जरची फ्यूजवाली छोटी वायर साइड पॅनलपर्यंत काढून घ्या, टोकाला रबरी झाकण. मग पुढच्या पावसाळ्यात पॅनलही उघडायला नको, टोपी काढायची आणि १ अँपिअरचा स्मार्ट चार्जर लावायचा. मात्र या वायरवरून जंप देऊ नका, तिचा फ्यूज ७.५ किंवा १० अँपिअरचा असतो आणि स्टार्टर त्याच्या कितीतरी पट ओढतो. जंपसाठी रिलेच. येत्या रविवारी उजेडात साइड पॅनल उघडून तो बॅटरीकडचा नट शोधा आणि शेजारी लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवा.

प्रश्न : माझी जुनी कार्ब्युरेटरची गाडी धक्का मारून लगेच चालू व्हायची, नवीन बीएस-६ गाडी सीवूड्सच्या उतारावरून तीनदा सोडली, दमलो, झाली नाही. माझं काय चुकलं?
— एक वाचक, सीवूड्स

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही. बीएस-६, म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या जवळपास सगळ्या गाड्या फ्यूल इंजेक्शनच्या आहेत, त्यात पंप आणि ईसीयू दोघांनाही आधी बॅटरी लागते. चावी फिरवल्यावर मीटर नीट पेटत असेल, पंपाचा आवाज येत असेल आणि फक्त सेल्फ फिरत नसेल, तर दुसऱ्या गिअरला धक्का लागू पडतो. मीटरच काळा असेल तर पाम बीचच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलली तरी व्हायची नाही. गिअर नसलेल्या स्कूटरला तर धक्क्याचा उपयोगच नाही.

प्रश्न : मी वजन कमी व्हावं म्हणून लिथियम बॅटरी टाकलीय, ती पूर्ण उतरलीय. हाच जंपचा प्रकार चालेल का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : नको. पूर्ण उतरलेल्या लिथियमला जंप देऊन लगेच गाडीचं चार्जिंग मिळालं तर ती आतून गरम होऊन फुगू शकते. ती बाहेर काढा, तिच्यासाठीच असलेल्या चार्जरवर हळू चार्ज करा, मोकळ्या जागी, लक्ष ठेवून. फुगलेली दिसली तर चार्जरला लावूच नका आणि घरातही आणू नका.