आरोग्य धोरण ठरवताना सरकार डॉक्टरांचा सल्ला घेतं का, आणि त्याचा रुग्णाला काही उपयोग होतो का?

घेतं, पण बहुतेक वेळा गळ्याशी आल्यावर. एप्रिल 2020 मध्ये कोविडसाठी महाराष्ट्राने डॉ. संजय ओक यांच्या अध्यक्षतेखाली टास्क फोर्स नेमला, तो असाच.

माझ्या मते याहून बोलकं उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं: वजन करणं, ऊब देणं, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं. नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटला. 1999 मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. इंजेक्शन आणि तेही गावातल्या बाईच्या हातात, यावर नाकं मुरडणारे डॉक्टरही होतेच! 2011 मध्ये केंद्र सरकारने याच धर्तीवर घरोघरच्या नवजात सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. बाळंतपण दवाखान्यात झालेलं असलं तरी आज आशाताई पहिल्या 42 दिवसांत सहा वेळा घरी येते, ती त्यामुळेच.

म्हणजे सल्ला मुरायला बारा वर्षं लागली. समितीत नुसते मोठ्या शहरातले सुपरस्पेशालिस्ट बसवले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध का संपतं, रात्री नर्स एकटी का असते, हे तिथे सांगणार कोण? आरोग्य केंद्राचा मेडिकल ऑफिसर आणि नर्स समितीत हवेतच. शिवाय अहवाल जाहीर व्हावा, म्हणजे सरकारने त्यातलं काय मानलं नाही तेही कळतं.