वाचकांचे प्रश्न : क्लाउडवरचे गेम आणि आपल्याकडचं नेट

प्रश्न (देवगड) : घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे, स्पीड टेस्टला ९० च्या वर येतं. तरी माडीवर लॅपटॉपवर क्लाउड गेम लावला की चित्र मधूनच पुसट होतं आणि कळ दाबली की गाडी क्षणभराने वळते. संध्याकाळी तर खेळवतच नाही. मोठा प्लॅन घेऊ का?

उत्तर : नका घेऊ, पैसे वाया जातील. गेम चालतो तो कंपनीच्या डेटा सेंटरमधल्या संगणकावर. तुमच्याकडे येतो नुसता त्याचा व्हिडिओ, आणि तुमच्याकडून जातात त्या दाबलेल्या कळा. सिनेमाचं ॲप पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे नेट जरा अडखळलं तरी कळत नाही. गेममध्ये पुढचं दृश्य तुमच्या कळेवर ठरतं, ते आधी उतरवणार कुठून? सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला जेमतेम १७ मिलिसेकंद. डेटा ५० मिलिसेकंद अडकला की तीन चित्रं गेली. वेगाचं म्हणाल तर जीफोर्स नाऊसारखी क्लाउड गेमची सेवा १०८० पिक्सेलला २५ एमबीपीएस मागते. तुमच्याकडे त्याच्या चौपट आहे.

अंतराचाही बाऊ नको. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईत असेल तर जाऊन-येऊन प्रकाशाला पाच मिलिसेकंदही पुरतात, बाकी वेळ वाटेतली उपकरणं खातात. सर्व्हर सिंगापुरात असेल तर मात्र नुसत्या प्रकाशाच्या ये-जा करण्यातच ४० जातात. म्हणून सेवेच्या सेटिंगमध्ये सर्व्हर कुठला निवडलाय ते आधी बघा.

मग दोष घरातला की बाहेरचा ते शोधा. लॅपटॉप माडीवर, नेहमीच्या जागीच ठेवा. कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग (ping, डेटा जाऊन यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा), पुढे राउटरचा पत्ता (बहुतेक वेळा १९२.१६८.१.१) आणि शेवटी वजा टी (-t) द्या. दोन मिनिटं आकडे धावू द्या. १ ते ३ मिलिसेकंद सलग दिसले तर घर ठीक. ४, २, ८०, १४०, मध्येच ‘टाइम्ड आउट’ असं दिसलं तर गुन्हेगार वायफाय. आणि आपल्याकडे बहुधा चिऱ्याची भिंत. जाड चिऱ्यातून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय फारसं पार होत नाही. दोन भिंती आड आल्या की लॅपटॉप मुकाट्याने २.४ वर उतरतो, आणि तिथे आधीच शेजारपाजाऱ्यांची गर्दी. पावसात ओल धरलेली भिंत सिग्नल आणखी खाते.

उपाय एकच खात्रीचा : राउटरपासून माडीपर्यंत कॅट-६ ही नेटवर्कची केबल. बाहेरून न्यायची तर काळी आउटडोअर केबल घ्या. खिडकीतून आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून ठिबकेल, केबलवरून घरात येणार नाही. खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिना हिरवट पडतात आणि जोडणी तुटत-जुळत राहते. वर्षातून एकदा काढून बघा, हिरवं दिसलं तर नवीन लावून घ्या.

राउटरपर्यंत सगळं ठीक, पण तशीच चाचणी ८.८.८.८ या गुगलच्या, म्हणजे घराबाहेरच्या, पत्त्याला लावल्यावर आकडे उडत असतील, तर घरातले फोन तपासा. कुणाचे लग्नाचे फोटो वर चढत असले की अपलोडची रांग तुंबते आणि तुमच्या कळा त्या रांगेत उभ्या राहतात. राउटरमध्ये क्यूओएस (कुठल्या डेटाला आधी सोडायचं ते ठरवणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. फोन बंद करूनही रोज संध्याकाळीच बिघडत असेल तर गर्दी पुरवठादाराकडे आहे. ‘नेट स्लो आहे’ म्हणून तक्रार केलीत तर माणूस येऊन स्पीड टेस्ट दाखवतो आणि मोकळा होतो. त्यापेक्षा पिंगचे आकडे वेळ घालून त्याच्यापुढे ठेवा.

प्रश्न (गुहागर) : आमच्या वाडीत फायबर नाही. मोबाईलच्या रोजच्या २ जीबीवर मुलाला खेळता येईल का?

उत्तर : अर्धा तासही नाही. १० एमबीपीएसचं मध्यम चित्र तासाला साडेचार जीबी खातं, म्हणजे २ जीबी सत्तावीस मिनिटांत खलास. अमर्याद ५जी मिळत असेल तर डेटाची चिंता मिटते, झटक्यांची नाही. फोनवर उतरवून खेळायचा गेम बरा.

प्रश्न (वेंगुर्ला) : पावसात लाइट गेली की संगणक इन्व्हर्टरवर चालतो, पण नेट जातं. खेळलेलं सगळं पुसलं जातं का?

उत्तर : आधी राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरच्या प्लगवर आहेत का बघा. बऱ्याच घरांत ते दाराजवळच्या साध्या सॉकेटला असतात. नसतील तर मिनी यूपीएस घ्या. अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट तंतोतंत तेच हवेत (बहुधा १२), अँपिअर तितके किंवा जास्त. एवढं करूनही डब्यावरचा ‘लॉस’ दिवा लाल झाला तर पलीकडून प्रकाशच येत नाहीये. शेजाऱ्याकडेही लाल असेल तर पुरवठादाराची बॅटरी उतरलीय किंवा मोठी केबल तुटलीय, वाट बघा. तुमच्याकडेच असेल तर बाहेर नजर टाका, एखादी झावळी केबलवर पडून ती ताणली गेली असेल.

गेमचं म्हणाल तर नेट गेलं तरी तिकडे तो चालूच असतो, म्हणजे तुमचा खेळाडू उभ्या उभ्या मार खातो. सेवा काही मिनिटं तुमची जागा धरून ठेवते आणि मग बंद करते. शेवटचं सेव्ह क्लाउडवर शाबूत राहतं. आभाळ भरून आलं की हाताने सेव्ह करत जा.

प्रश्न (रत्नागिरी) : लॅपटॉप सात वर्षं जुना आहे. नवीन यंत्र घेण्याऐवजी क्लाउडवरच गेम विकत घेतले तर?

उत्तर : लॅपटॉप चालेल, फक्त एच.२६४ पद्धतीने दाबून आलेला व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडणारा हवा, आणि सात वर्षांपूर्वीचे जवळपास सगळे तसे असतात. कंट्रोलर ब्लूटूथऐवजी यूएसबीने जोडा. टीव्ही वापरत असाल तर ‘गेम मोड’ लावा, नाहीतर टीव्हीच चित्र सजवण्यात वेळ घालवतो.

गेम विकत घेताना मात्र जपून. गुगलची स्टेडिया नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद पडली. गुगलने गेमचे पैसे परत केले, पण सगळेच करतील असं नाही. जीफोर्स नाऊवर तुम्ही स्टीमसारख्या दुकानातून घेतलेले गेम चालतात. सेवा गेली तरी ते तुमच्या खात्यात राहतात, उद्या घरच्या यंत्रावरही चालतील. मात्र तिथे प्रत्येक गेम मिळतोच असं नाही, त्यामुळे आधी सेवेची यादी, मग खरेदी. महिन्याची वर्गणी भरून मिळणाऱ्या संग्रहातले गेम अधूनमधून काढले जातात, तेव्हा लांबलचक गेम तिथे अर्धवट ठेवू नका. आणि पहिल्यांदा एकाच महिन्याची वर्गणी भरा, तीही संध्याकाळच्या गर्दीत चाचणी घेऊन झाल्यावर.