माणसाचा आणि बैलाचा शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा ओळखता येतो का?

येतो. शेपटीकडे नका बघू, डोकं बघा. चिपळूणला पशुवैद्यकाकडे रेतमात्रेची (वळूच्या गोठवलेल्या वीर्याची) वितळवलेली कांडी, तिचा थेंब काचपट्टीवर, ४०० पटीत पाहिलाय मी. वळूच्या शुक्राणूचं डोकं चपटं, होडीच्या वल्ह्याच्या पात्यासारखं; बहुतेक सगळे एकाच साच्यातले. माणसाचं लहान, अंडाकृती, जेमतेम ५ मायक्रॉन. वर वेडेवाकडे इतके, की बघणारा घाबरतो! घाबरू नका, जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात ४ टक्के सुबक असले तरी चालतं.

कोंबड्याचं डोकं दोऱ्यासारखं बारीक. घरातल्या उंदराचं मात्र गरीच्या आकड्यासारखं वाकडं, आणि लांबीला तो शुक्राणू माणसाच्या दुप्पट! प्राण्याच्या आकारावरून अंदाज बांधायला गेलात तर फसाल.