दूध तोडलेल्या पिल्लांची हगवण आणि प्रोबायोटिकची पुडी

प्रश्न : माझ्याकडे यॉर्कशायर संकरित डुकरांच्या बारा माद्या आहेत. पिल्लांचे दूध 35 व्या दिवशी तोडतो. चार-पाच दिवसांत पिवळट, पाण्यासारखी हगवण लागते. दुकानातून प्रोबायोटिकची पुडी आणि प्रतिजैविकाची पावडर आणली, दोन्ही गरम पेजेत कालवून दिली. काडीचा फरक नाही. एवढा खर्च करण्यापेक्षा घरचे ताक पाजले तर?
– एक वराहपालक, कुडाळ

उत्तर : ताकाकडे येतो, आधी पुडीचे बघू. प्रोबायोटिक म्हणजे पचनाला मदत करणारे जिवंत सूक्ष्मजीव. ती पिल्लाच्या आतड्यापर्यंत जिवंत पोचलीच नसावी. गरम पेजेत लॅक्टोबॅसिलस हे आम्ल बनवणारे जिवाणू टिकत नाहीत, आणि जे वाचले असतील त्यांचा निकाल सोबतच्या प्रतिजैविकाने लावला असेल. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याचे टणक कवचातले सुप्त रूप, उष्णता सोसतात, म्हणून कारखान्यातल्या गोळी खाद्यात तेच घालतात. यीस्टला प्रतिजैविकाने काही होत नाही, पण उकळत्या पेजेत तेही मरते. म्हणून पुडीवर जिवाणूचे नाव, संख्या आणि मुदत वाचून घ्या. नुसते ‘पाचक जिवाणू’ लिहिलेले असेल तर परत करा. पावडरमध्ये कोलिस्टिन हे प्रतिजैविक आहे का तेही बघा. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना ते देण्यावर आपल्याकडे 2019 पासून बंदी आहे, तरी कुठे कुठे जुना माल खपवला जातो.

मुळात पुडी उशिरा सुरू झाली. अंगावर पिणाऱ्या पिल्लाच्या जठरात स्वतःचे आम्ल थोडेच असते. दुधातल्या साखरेपासून जिवाणू लॅक्टिक आम्ल बनवतात, त्यावर त्याचे भागते. दूध तुटले की तेही आटते. आई दिसत नाही म्हणून पिल्लू पहिला दिवस तोंड लावत नाही, मग भुकेने वखवखून खाते. त्या उपासात आतड्याच्या आतले रसांकुर, म्हणजे अन्नरस शोषणारे बारीक कोंब, काही दिवसांतच आखूड होतात. न पचलेली सोयापेंड पुढे सरकते आणि हगवण लावणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंना आयते जेवण मिळते. चौथ्या-पाचव्या दिवशी हगवण दिसते ती यामुळे. चांगल्या जिवाणूंनी त्याआधीच जागा धरलेली हवी. पिल्ले दोन आठवड्यांची झाली की पिल्लांच्या खुराकात प्रोबायोटिक सुरू करा, दूध तोडल्यावर आणखी दोन आठवडे चालू ठेवा. लागलेली हगवण त्याने थांबत नाही, ते औषध नव्हे.

पुडीसोबत प्रीबायोटिकही विकतात. प्रीबायोटिक म्हणजे त्या चांगल्या जिवाणूंचा चारा : इन्युलिन, एफओएस असे न पचणारे तंतू व शर्करा. इन्युलिन जास्त झाले तर उलट पोट फुगते. यीस्टच्या पेशीभित्तीपासून काढलेली एमओएस ही शर्करा टन खाद्याला एक-दोन किलो घालतात. काही ई. कोलाय त्याला चिकटून विष्ठेवाटे बाहेर पडतात. पण या वयात हगवण लावणाऱ्या मुख्य जाती, एफ4 आणि एफ18, त्याला चिकटत नाहीत. विक्रेता हे सांगणार नाही. ज्याच्याकडे खर्चाला पैसे बेताचे आहेत त्याने खुराकात थोडा गव्हाचा कोंडा मिसळून बघावा, मी तरी तिथूनच सुरुवात करीन.

ताक चालेल. विरजणातले जिवाणू आतड्यात मुक्काम करत नाहीत, पण ताकाचे आम्ल उपयोगी पडते. गार खुराकात ताजे ताक कालवा, तासा-दोन तासांनी उरलेले फेकून कुंडी धुवा. मीठ घातलेले ताक मात्र मुळीच नको. पाणी कमी पडले तर डुकराला मिठाची विषबाधा होते. हॉटेलचे खरकटेही याच कारणाने या वयात टाळा.

पुडी असो वा नसो, दूध तोडताना मादीला हलवा, पिल्लांना त्याच गोठ्यात राहू द्या. खुराक त्याच दिवशी बदलू नका. पहिला आठवडा थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा द्या. सोयाबीन कच्चे नको, भाजलेले हवे. तुमच्याकडे पावसाळ्यात फरशी ओली राहते, तिथे पेंढा टाका. थंडीने कुडकुडणाऱ्या पिल्लाला महागातली पुडीही वाचवत नाही.

विष्ठेत रक्त दिसले, किंवा सगळ्यांत गुटगुटीत पिल्लाच्या पापण्या सुजून ते झोकांड्या खाऊ लागले, तर थांबू नका. पापण्या सुजून झोकांड्या जाणे हा ई. कोलायच्या विषाचा वेगळा आजार आहे. त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा.

प्रश्न : आमच्याकडे आगोंदा गोवन जातीची गावठी डुकरे आहेत. त्यांच्या पिल्लांनाही प्रोबायोटिक द्यावे का?
– काणकोण, गोवा

उत्तर : पिल्ले दोन महिने आईजवळ राहत असतील तर नको. ती हळूहळू स्वतःच खायला शिकतात, दूध तुटल्याचा धक्का फारसा बसत नाही. तेच पैसे जंताच्या औषधावर घाला.