विटेने अडवलेलं दार: देखभालीच्या कामात नव्याने येणाऱ्यासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शहराच्या बागा आणि सार्वजनिक इमारतींच्या देखभाल विभागात महिन्याभरात रुजू व्हायचंय. आधी कारखान्यात फिटर होतात, नळकाम थोडं येतं, वायरिंग जुजबी, झाडांचं काहीच नाही. तर सगळं यायलाच हवं का, पहिले काही महिने काय शिकावं आणि स्वतःची हत्यारं कोणती घ्यावीत. मी या कामात बावीस वर्षं आहे, त्यातली पहिली नऊ बागांवर गेली आणि पुढची इमारतींवर. त्या हिशोबाने सांगतो.

सगळं कुणालाच येत नाही. आमच्यातल्या उत्तम माळ्याला पंप उघडता येत नाही आणि वायरमनच्या हातात कोणी करवत देत नाही. त्याची काळजी सोडा. तुम्ही कारखान्यातून येताय म्हणून एक फरक मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण मला तो फार उशिरा कळला. कारखान्यात मशीनवर ठरलेला माणूस असतो. आवाज जरा बदलला की तो येऊन सांगतो. बागेतल्या नळाला किंवा वाचनालयाच्या दाराला असा कुणी धनी नसतो. ते बिघडलं तर लोक तक्रार करत बसत नाहीत, जुळवून घेतात. दार जड झालं की खांद्याने ढकलतात. नळ पूर्ण बंद होत नसेल तर त्याला फडकं गुंडाळतात. पायरी हलत असेल तर तेवढी एक सोडून चढतात, आणि रोज येणाऱ्याला आपण ती सोडतो हेही आठवत नाही. तक्रारवहीत नोंद होते ती पहिल्यांदाच आलेला कुणीतरी आपटल्यावर. म्हणून पहिले दोन महिने माणसं कुठे वळसा घालतात, कशाला काय बांधून ठेवतात, हे बघत फिरा.

एक प्रसंग नीट सांगतो. एका इमारतीत जिन्याकडचं अग्निरोधक दार कायम वीट लावून उघडं ठेवलेलं असायचं. हे दार मिटलेलं राहायलाच हवं. आग लागली तर धूर जिन्यात शिरू नये आणि माणसांना उतरायला वाट राहावी, एवढ्यासाठीच ते बसवलेलं असतं. रखवालदार वीट काढायचा, दुसऱ्या दिवशी ती परत तिथेच. ‘दार बंद ठेवावे’ अशी पाटी लावली, तर पाटीखाली वीट. शेवटी मी तिथे अर्धा तास नुसता उभा राहिलो. दोन्ही हातांत फायली घेतलेल्या एक बाई आल्या, पाठीने दार ढकललं, आत शिरल्या, आणि दार इतक्या जोरात परत आलं की त्यांच्या टाचेवर बसलं. त्या वळून काही बोलल्यासुद्धा नाहीत. पायानेच वीट सरकवून दाराला लावली आणि गेल्या.

दोष क्लोजरचा होता, म्हणजे दार आपोआप मिटवणाऱ्या वरच्या यंत्राचा. डोअर क्लोजरच्या अंगावर बहुधा दोन छोटे स्क्रू असतात. एकाने दार मिटण्याचा वेग ठरतो, दुसऱ्याने शेवटच्या वीतभरातला, म्हणजे लॅच (दाराची खिट्टी) बसतानाचा. आत तेल असतं आणि स्क्रू त्या तेलाची वाट कमी-जास्त करतो. आवळला की दार सावकाश येतं. पाव फेरा फिरवा, दार उघडून सोडा, बघा, मग पुढचा पाव फेरा. काटकोनात उघडलेलं दार जवळपास मिटायला पाच सेकंद तरी लागावेत, आणि शेवटी लॅच कुणी हात न लावता बसली पाहिजे. ती बसत नसेल तर अग्निरोधक दार असून नसल्यासारखं. थंडीत तेल घट्ट होतं, त्यामुळे ऋतू बदलला की एकदा परत बघावं लागतं. (माझा पहिला क्लोजर मी सैल करत करत स्क्रूच बाहेर काढला होता. तेल भिंतीवरून ओघळून फरशीवर, क्लोजर भंगारात, आणि फरशी पुसण्यात माझी दुपार गेली.) या दाराचं काम दीड फेऱ्यात झालं. वीट मी उचलली नाही. आठवडाभराने पाहिलं तर कुणीतरी ती कुंडीखाली टेकू म्हणून लावली होती.

नळाचंही असंच. वॉशर बदलणं पाच मिनिटांचं काम, म्हणून सगळे वॉशरच बदलतात. एकाच नळाचा वॉशर वर्षात तिसऱ्यांदा गेला तर वॉशरला शिव्या देऊ नका. पाणी बंद करून नळ उघडा आणि आतली सीट, म्हणजे वॉशर जिच्यावर दाबून बसतो ती कड, बोटाने चाचपा. तिथे खाच लागेल. ती खाच प्रत्येक नव्या वॉशरला कापत राहते. सीट घासून सपाट करायची, नाहीतर नळ बदलायचा. पण हे तिसऱ्यांदा घडतंय हे कळणार कसं? लिहिलेलं असेल तरच. मागच्या दोन वेळा गेलेले दोघं वेगळे असतील, आणि आपण काम लगेच केलं म्हणून तिघंही खूश असतील. मी नळाला, दाराला, दिव्याच्या खांबाला नंबर देऊन वही ठेवायला लागलो तेव्हा सहकाऱ्यांनी थट्टा केली. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीसेक लिटर पाणी घालवतो, हे भांडं लावून मोजून दाखवल्यावर थट्टा थांबली. फ्लशची टाकी तर आवाजही न करता गळते. टाकीत थोडा रंग टाका, पंधरा मिनिटं फ्लश करू नका. खाली भांड्यात रंग उतरला की आतला फ्लॅप (पाणी अडवणारं झाकण) गेला समजा.

लोक एखाद्या जागेकडे फिरकेनासे होतात, तेही लक्षात ठेवा. मागच्या बाजूचं न्हाणीघर कुणी वापरत नाही म्हणून आपणही तिथे जात नाही, आणि त्या पाइपात पाणी साचून राहतं. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची साथ आली. तिला कारण ठरलेला जिवाणू पुढच्या वर्षी सापडला, त्याचं नाव लीजिओनेला. साधारण २० ते ४५ अंश सेल्सियसच्या पाण्यात तो वाढतो आणि शॉवरच्या बारीक तुषारांतून फुप्फुसात जातो. म्हणून गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवायची आणि न वापरलेले नळ, शॉवर आठवड्यातून एकदा काही मिनिटं सोडून द्यायचे. शॉवरला पिशवी बांधून सोडा, तुषार तोंडावर घेऊ नका.

आता बाग. हिरवळीवर कोपऱ्यातून आडवी पायवाट उमटली असेल तर तिथे काटेरी तार लावू नका, फरशा टाका. याहून जास्त बोलण्यासारखं त्यात काही नाही, पण मी या एका गोष्टीवर तीन वर्षं भांडलोय.

झाडांचं काहीच येत नाही म्हणता, तर सुरुवात झाडं न मारण्यापासून करा. बागेतली लहान झाडं रोगाने मरतात त्याहून जास्त गवत कापायच्या दोरीने मरतात, असं माझं मत आहे. ब्रश कटरची नायलॉनची दोरी बुंध्याला घासते, साल सोलली जाते. सालीच्या लगेच आतून पानांनी बनवलेलं अन्न मुळांकडे उतरतं. बुंध्याभोवती ती पट्टी पूर्ण सोलली की झाड लगेच मरत नाही, मुळं उपाशी राहून वर्ष-दोन वर्षांत वाळतं. तोवर गवत कापणारा विसरलेला असतो आणि दोष पाण्याला जातो. बुंध्याभोवती हातभर अंतरात गवतच वाढू देऊ नका, पालापाचोळ्याचा थर द्या, पाच ते दहा सेंटिमीटर, आणि तो बुंध्याला टेकवू नका.

मोठी फांदी काढायची वेळ आली तर तीन काप. पहिला खालून, बुंध्यापासून फूटभर लांब, फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा वरून, त्याच्या किंचित पुढे, म्हणजे फांदीचं वजन तिथे तुटून पडतं. तिसऱ्याने उरलेला खुंट काढायचा. हा शेवटचा काप बुंध्याला अगदी लागून घेऊ नका. फांदी जिथे बुंध्याला मिळते तिथे सालीची फुगीर वळी असते, तिच्या बाहेरून घ्या. जखम भरायला सुरुवात तिथूनच होते. मी पहिल्यांदा खालचा काप न देता थेट वरून करवत चालवली होती. फांदी अर्धी कापली गेली, वजनाने खाली आली आणि बुंध्यावरची साल माझ्या उंचीएवढी फाडत गेली. जखमेला डांबर किंवा रंग फासायची जुनी सवय अजून अनेक ठिकाणी आहे. ॲलेक्स शिगो या अमेरिकी संशोधकाने हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की लेपाने कुजणं थांबत नाही, झाड स्वतःच जखमेभोवती आतून भिंती घालतं. उघडी सोडा.

खेळण्यांच्या जागेला सगळ्यात जास्त वेळ द्या. झोका लांबून बघून काही कळत नाही. पाट हाताने वर उचला, साखळी सैल करा आणि कड्यांची आतली बाजू बघा, जिथे कडी कडीवर बसते. बाहेरून कडी नव्यासारखी दिसते, आतून निम्मी झिजलेली असते. एस आकाराच्या हुकाचं तोंड एक मिलिमीटरपेक्षा जास्त उघडलं असेल तर तो बदला, त्यात मुलांच्या कपड्यांच्या दोऱ्या अडकतात. चढायच्या जाळीत, कठड्यात सुमारे नऊ ते तेवीस सेंटिमीटरमधली फट राहू देऊ नका. त्या फटीतून मुलाचं अंग निसटतं आणि डोकं अडकतं. झोक्याखालची जागा तर रोज बघायची. पाय घासून घासून नेमका तिथेच खड्डा होतो जिथे मूल पडणार असतं. लाकडाचे तुकडे टाकत असाल तर दबल्यावर तेवीस सेंटिमीटरचा थर उरला पाहिजे. कडेला भरपूर आणि मधोमध उघडी माती, असंच बहुतेक वेळा आढळतं. फावडं घेऊन ओढून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

इमारतीच्या गच्चीवर पाऊस सुरू व्हायच्या आधी जा आणि पावसाळी पाइपांची तोंडं मोकळी करा. दहा सेंटिमीटर पाणी तुंबलं तर दर चौरस मीटरला शंभर किलो वजन होतं. भिंतीच्या फटीतून डोकावणारं रोप दोन पानांचं असताना उपटा. पुढच्या वर्षी नुसतं उपटून ते निघत नाही.

काही गोष्टींत मात्र तुम्हाला येत असलं तरी हात घालू नका. मॅनहोलमध्ये कुणीही, कधीही, ‘एक मिनिटात येतो’ म्हणून उतरायचं नाही. कुजक्या अंड्याचा वास येणारा वायू, हायड्रोजन सल्फाइड, प्रमाण वाढलं की नाकालाच बधिर करतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं आणि तिथेच घात होतो. वाचवायला उडी मारणारा दुसराही वर येत नाही. ते काम वायू मोजायचं यंत्र, श्वसनयंत्र, दोर आणि प्रशिक्षण असलेल्या पथकाचं. स्वच्छतागृहात ब्लीच आणि ॲसिड एकावर एक ओतू नका, क्लोरीन सुटतो.

वायरिंग जुजबी येतं म्हणालात, ते जुजबीच राहू द्या आणि बंद करणं पक्कं शिका. मेन बंद करून कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघा, मग कामाच्या तारेवर, मग परत चालू पॉइंटवर. मधल्या वेळात टेस्टरच मेला असेल तर? बागेतल्या दिव्यांचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) पावसात सारखा पडतो म्हणून कुणीतरी तो वगळून थेट तार जोडलेली मी दोनदा पाहिली आहे. ३० मिलिॲम्पिअरला पडणारं ते यंत्र माणसाचा जीव वाचवायला बसवलेलं असतं. ती तार म्हणजे आपल्याच माणसाने लावलेली वीट. असं दिसलं तर फीडर, म्हणजे त्या दिव्यांना वीज देणारी लाइन, बंद करा, वायरमनला बोलवा, अंधार झाला तरी चालेल.

हत्यारांचं शेवटी. खातं देईल ते वापरा, स्वतःचे पैसे फार घालू नका. घट्ट बसणारे हातमोजे, पुढे पोलादी टोपी असलेले बूट, मशीन चालवताना कानांवर मफ. खिशात मावणारी वही आणि पेन्सिल, कारण ओल्या कागदावर पेन उठत नाही. आणि एक चांगली टॉर्च, दिवसाउजेडीसुद्धा जवळ ठेवायची. भिंतीवर सरळ मारू नका, भिंतीला गाल लावल्यासारखी आडवी धरा. मग सपाट वाटणाऱ्या प्लास्टरवर सावल्या उठतात. जिथे फुगवटा दिसेल तिथे बोटाने टकटक करा. पोकळ वाजलं तर खालचं बाक आधी हलवा, नोंद मग करा.